वेण्णा लेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येकाला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. महाबळेश्वरला कधी यावं, बोटिंग चालू आहे का, बर्फ पडतो ते खरं का, गर्दी किती असेल. प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. बोटिंगपुरतीच माहिती हवी असेल तर सरळ त्या प्रश्नाकडे जा. पण थोडा वेळ असेल तर आधीचंही वाचा, कारण हे तळं बोटिंगसाठी बांधलेलं नाही आणि आजही त्याचं मुख्य काम वेगळंच आहे.

वेण्णा लेक नेमका कुठे आहे?

पाचगणीकडून महाबळेश्वरला येताना, बाजारपेठेच्या दोन-अडीच किलोमीटर अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे. शोधावा लागत नाही. आधी गाड्यांची रांग दिसते, मग घोडे, मग पाणी. पाचगणीहून अंतर सुमारे सतरा किलोमीटर, वाईहून पसरणी घाटाने तीस किलोमीटरच्या आसपास आणि साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे पंचावन्न.

तळं नैसर्गिक आहे की बांधलेलं?

बांधलेलं. वेण्णा नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि पठार सोडून खाली उडी घेण्याआधी एका उथळ, रुंद खोलगट भागातून वाहते. तिथे बांध घालून पाणी अडवलं आहे. आजूबाजूची झाडी, काठावरचं गवत आणि पाण्याचा वाकडातिकडा काठ पाहून हे मूळचंच असावं असं वाटतं. बांधाच्या बाजूला गेलात की खरं काय ते लगेच कळतं.

कोणी बांधलं? इंग्रजांनी ना?

नाही. महाबळेश्वरातलं जुनं जे काही दिसेल ते इंग्रजांच्या नावावर जमा करायची आपल्याला सवय लागली आहे. पॉइंटांची नावंही तशीच आहेत, त्यामुळे तो समज आणखी घट्ट होतो. पण वेण्णा लेक बांधला तो साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी, १८४२ साली.

हे आप्पासाहेब म्हणजे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे धाकटे बंधू. त्यांचं राज्यारोहण ज्या परिस्थितीत झालं ती सातारकरांना आजही सलते. प्रतापसिंह महाराज मानी आणि प्रजेत लोकप्रिय होते, शाळा, रस्ते आणि पाणी या गोष्टींत स्वतः लक्ष घालत. कंपनी सरकारशी त्यांचं बिनसलं. १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून दूर केलं आणि काशीला पाठवलं. तिथेच १८४७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आप्पासाहेबांना बसवलं गेलं. इंग्रजांच्या मर्जीने आलेला राजा म्हणून इतिहासात त्यांच्याबद्दल फार बरं लिहिलं जात नाही. पण गादीवर आल्यावर तीनच वर्षांत त्यांनी हे तळं बांधून घेतलं आणि पुढे जवळजवळ दोन शतकं माणसं त्याचं पाणी पीत आली, हेही त्यांच्याच खात्यावर मांडायला हवं. आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. औरस वारस नव्हता, आणि मरणापूर्वी घेतलेलं दत्तक डलहौसीने मान्य केलं नाही. सातारचं राज्य खालसा झालं. म्हणजे हे तळं छत्रपतींच्या सातारा राज्याच्या अगदी शेवटच्या सहा-सात वर्षांतलं आहे.

मग इंग्रजांचा या सगळ्याशी संबंध काय?

गाव वसवण्याशी आहे. १८२४ मध्ये लॉडविक हा युरोपियन अधिकारी (पुढे जनरल झालेला) डोंगर चढून वर आला आणि थंड हवेची बातमी मुंबईपर्यंत पोचली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला आजारी सैनिकांसाठी आणि उन्हाळ्यात राहण्यासाठी अशी जागा हवीच होती. १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार झाला. त्यात पठारावरचा मुलूख कंपनीला मिळाला आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव महाराजांना. नव्या वस्तीला नाव पडलं माल्कम पेठ. आज आपण ज्याला महाबळेश्वरचा बाजार म्हणतो तो या पेठेचाच. जुनं देवस्थानाचं गाव सहा किलोमीटर लांब, ते क्षेत्र महाबळेश्वर.

वस्ती वाढली तशी भाजीपाला आणि पाण्याची गरज वाढली. त्या काळात इथे चिनी कैद्यांचा एक तुरुंग होता, १८३४ च्या सुमारास सुरू झालेला आणि १८६४ मध्ये बंद झालेला. दिवसा हे कैदी बागायत करत आणि बटाटे, भाज्या पिकवत. महाबळेश्वरच्या भाजीच्या मळ्यांची परंपरा सांगायची तर या माणसांना वगळून सांगता येत नाही. त्यांची नावं कुठल्या पॉइंटवरच्या फलकावर नाहीत. ती असायला हवी होती.

वेण्णा नदीची कथा काय आहे?

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. पुराणकथा अशी: ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. मुहूर्त टळत होता आणि सावित्री आली नव्हती, म्हणून गायत्रीला शेजारी बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली, संतापली आणि तिने देवांना पाणी होऊन वाहण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे कोयना. सावित्री स्वतः मात्र कोकणाच्या बाजूने उतरली. कृष्णा, वेण्णा आणि कोयना देशावर आल्या. नकाशावर पाहिलंत तर हे तंतोतंत पटतं. एकाच डोंगरमाथ्यावरून सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि कृष्णा-वेण्णा पूर्वेला, थेट बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतात.

लेक किती मोठा आहे?

जुन्या नोंदींत पाण्याचं क्षेत्र सुमारे २८ एकर दिलेलं आहे, म्हणजे साधारण अकरा हेक्टर. सरासरी खोली दहा फुटांच्या घरात. 'घेर सात ते आठ किलोमीटर' ही माहितीही बऱ्याच ठिकाणी छापलेली सापडते. ती डोळे झाकून उतरवून घेऊ नका. २८ एकरांच्या तळ्याचा घेर सात किलोमीटर भरायचा तर ते तळं साडेतीन किलोमीटर लांब आणि जेमतेम तीस मीटर रुंद असावं लागेल. तसं ते नाही, हे बोटीत बसलेल्या लहान मुलालाही दिसतं.

हे पाणी खरंच पितात?

हो. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना वेण्णा लेकचं पाणी जातं. शुद्धीकरण होतं, मग टाक्या, मग नळ. हॉटेलात तुम्ही सकाळी ज्या पाण्याने तोंड धुतलं आणि दुपारी ज्याच्यावर पेडल मारलं ते एकच.

ही गोष्ट पाहुण्यांना कुणी सांगत नाही आणि त्यामुळेच सगळा घोटाळा होतो. लोकांना वाटतं हा एक पिकनिक स्पॉट आहे. चिप्सचं रिकामं पाकीट पाण्यात टाकलं तर फार तर सौंदर्याला बाधा. तसं नाही. गावातल्या पोराबाळांच्या प्यायच्या पाण्यात आपण कचरा टाकतोय. आपल्याकडे घरच्या विहिरीत कुणी थुंकलं तर म्हातारी माणसं काठी घेऊन धावायची. वेण्णा लेक ही आमची तीच विहीर आहे, फक्त तिकीट खिडकी असलेली.

एवढा पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण का होते?

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर पायाखालच्या दगडात आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात दहा-अकरा पटींचा फरक. २०२१ च्या जुलैमध्ये तर इथे चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे माणचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात. पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पठाराच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत. पाणी थांबत नाही, कडे गाठतं आणि खाली जातं.

जे मुरतं त्याचं काय होतं? पठाराच्या माथ्यावर जांभा आहे, लाल, भोकाभोकांचा. रस्त्याच्या कडेला जिथे डोंगर कापलाय तिथे थांबून बघा: दगडात बोट जाईल एवढाल्या नळ्या दिसतात आणि पावसाळा संपून दोन महिने झाले तरी त्यातून पाणी पाझरत असतं. जांभ्याखाली काळा कातळ. जांभ्यातून उतरलेलं पाणी कातळावर येऊन अडतं, मग आडवं सरकतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. असेच झरे पावसाळ्यानंतर लेकला पाणी पुरवत राहतात. हिवाळाभर ते चांगले चालतात, मार्चनंतर बारीक होतात.

आणि बरोबर त्याच वेळी, एप्रिल-मे महिन्यात, गावात वर्षातली सर्वांत जास्त माणसं येतात. पाणी सगळ्यात कमी आणि तोंडं सगळ्यात जास्त. त्यात तळात साठत गेलेला गाळ. बाजूच्या उतारावर जिथे झाडी तुटते, खोदकाम होतं, तिथली माती पहिल्याच पावसात लेकमध्ये येते. जेवढा गाळ आत, तेवढं पाणी बाहेर, हा हिशेब साधा आहे. बांधाची उंची वाढवावी ही चर्चा अधूनमधून होत असते. पण पाणलोटातली झाडं आणि माती सांभाळली नाही तर उंच बांधामागेही गाळच साठेल.

पावसाळ्यात लेक बघायला यावं का?

पाऊस सोसत असेल तर जरूर या. बोटिंगची आशा मात्र धरू नका, कारण धो धो पाऊस, वारा आणि धुकं यांत बोटी सोडत नाहीत. लेक भरला की सांडव्यावरून पाणी वाहू लागतं आणि अतिवृष्टीत ते शेजारच्या रस्त्यावरही येतं. अशा वेळी गाडी पाण्यात घालू नका. पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही, आणि रस्त्याची कड तर अजिबातच दिसत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये कित्येकदा काठावर उभं राहून समोरचं पाणी दिसत नाही, एवढं धुकं असतं. गवतात जळवा असतात. मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ ठेवा.

बोटिंगबद्दल सगळं सांगा.

बोट क्लब महाबळेश्वर नगरपालिकेचा आहे. दोन प्रकारच्या बोटी मिळतात: वल्ह्यांची बोट, जिच्यात नावाडी बरोबर येतो, आणि पायाने चालवायची पेडल बोट, जी तुमची तुम्हीच चालवता. दर आणि वेळ खिडकीवर लिहिलेले असतात आणि बदलत असतात, म्हणून इथे देत नाही. तिकीट खिडकीवरूनच काढा. रांगेत कुणी येऊन "साहेब, लगेच सोय करतो" म्हणाला तर नको म्हणा.

माझं मत विचाराल तर वल्ह्यांची बोट घ्या. पेडल बोट पोरांना आवडते, पण दहा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि गर्दीच्या दिवशी सगळ्या पेडल बोटी जेट्टीजवळच एकमेकींना धडकत राहतात. नावाडी मात्र तुम्हाला लांब, झाडीच्या बाजूला नेतो. तिकडे गेल्यावर काठावरचा गोंगाट मागे पडतो आणि पाण्यावर झाडांची सावली असते. नावाड्याशी बोला. गाळ कुठे साचलाय, यंदा पाणी किती आहे, कुठल्या बाजूला पानकावळे बसतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. पट्टे बांधायचे, नुसतं खांद्यावर अडकवायचं नाही. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट मागून घ्या. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. बोटीत उभं राहून फोटो काढू नका. दर सुट्टीत कुणाचा ना कुणाचा मोबाइल तळाला जातो, आणि मोबाइल गेला तर गेला, त्याच्यामागे वाकणारा माणूस जाऊ नये.

पोहता येईल का?

नाही. प्यायचं पाणी आहे, खाली गाळ आहे, पाणवनस्पती आहेत आणि हिवाळ्यात पाणी अंग आखडवणारं थंड असतं.

लेकवर बर्फ पडतो हे खरं आहे का?

बर्फ पडत नाही, दव गोठतं. पण जे दिसतं ते विलक्षण असतं आणि महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत 'वेण्णा लेक परिसरात हिमकण' अशी बातमी येते, ती खोटी नसते.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची हवा गार झाली की जड होते आणि उतारावरून खाली सरकते. लेकचा परिसर आजूबाजूच्या चढांच्या मधोमध खोलगट आहे, त्यामुळे ती सगळी गार हवा इथे येऊन साचते. वारा नसल्यामुळे ती ढवळली जात नाही. बाजारपेठ उंचावर आहे, तिथून गार हवा निसटून जाते. म्हणूनच गावात पारा दहा-बारा अंशांवर असताना दोन-अडीच किलोमीटरवरच्या लेकजवळ तो चार-पाचवर, कधी त्याच्याही खाली असतो. गवताचं पातं, गाडीचा पत्रा, जेट्टीच्या फळ्या अशा पातळ वस्तू हवेपेक्षाही जास्त थंड होतात. दमट हवेतलं दव त्यांच्यावर बसतं आणि तिथेच गोठतं. लेकचं पाणी मात्र गोठत नाही, कारण एवढ्या पाण्यातली ऊब एका रात्रीत जात नाही. उलट पहाटे पाण्यावरून वाफ उठताना दिसते.

पाहायचं असेल तर सूर्य उगवायच्या आधी पोचा. जेट्टीच्या फळ्यांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर असतो. नखाने खरवडला की नखाखाली खडबडीत, कोरडे कण येतात आणि बोटावर क्षणात पाणी होतात. फळ्या भयंकर निसरड्या झालेल्या असतात, जपून पाय टाका. उन्हं लेकवर उतरली की पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओलं होऊन संपतं. नऊ वाजता उठून, नाश्ता करून येणाऱ्यांना काही दिसत नाही आणि मग ते परत जाऊन सांगतात की सगळी बातमी खोटी.

आणि एक. तुम्हाला ते हिमकण सुंदर दिसतात तेव्हा शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्याच्या पोटात गोळा आलेला असतो. गोठलेल्या दवाने कोवळी पानं आणि फुलं करपतात, फळाला डाग पडतो. शेतात फोटो काढायला घुसण्याआधी विचारा. गादीवाफ्यावर पाय पडला तर मातीवर अंथरलेला मल्चिंगचा कागद फाटतो, ठिबकची नळी दबते.

स्ट्रॉबेरी कधी खायला मिळते?

रोपं पावसाळा ओसरताना लागतात, फळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. सर्वांत गोड फळ कडाक्याच्या थंडीनंतरचं, जानेवारी-फेब्रुवारीतलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मे महिन्यात ताजी म्हणून ग्लासात मिळते ती बहुतेकदा साठवणीतली असते. घ्या, पण माहीत असून घ्या. मेमध्ये त्यापेक्षा जांभळं आणि करवंदं घ्या, तो या डोंगराचा खरा उन्हाळी मेवा.

लेकवर खायला काय चांगलं?

मक्याचं कणीस. निखाऱ्यावर भाजून, लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळून. मक्याचे पॅटीस, स्ट्रॉबेरी क्रीम, भजी, चहा सगळं मिळतं, पण संध्याकाळच्या गारव्यात कणसाला तोड नाही. घरी न्यायला भाजलेले चणे घ्या. कणसाचं बुरकुंड मात्र गाड्याजवळच्या डब्यात टाका.

घोड्यावर मुलांना बसवावं का?

बसवा, पण थोडं पाहून. चक्कर कुठून कुठपर्यंत आणि पैसे किती, हे बसण्याआधी ठरवा. घोडेवाल्याने लगाम हातात धरून चालत यायला हवं, हे स्पष्ट सांगा. घोडा पळवायचा हट्ट करू नका. घोडा लंगडत असेल, खोगिराखाली जखम दिसत असेल तर दुसरा घ्या आणि का घेतला तेही बोला. चांगला घोडेवाला जनावराची काळजी घेतो आणि त्यालाच गिऱ्हाईक मिळालं पाहिजे. या कुटुंबांचं वर्षाचं पोट सुट्टीच्या काही आठवड्यांवर चालतं, म्हणून ठरलेल्या पैशात शेवटी घासाघीस करू नका.

घोड्यांची लीद हा लेकच्या पाण्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर काठावरची लीद पाण्यात जाते. ती रोज उचलली जाणं आणि घोड्यांची जागा काठापासून लांब असणं, दोन्ही गरजेचं आहे. यात घोडेवाल्यांना खलनायक करून काही साधणार नाही, त्यांना सोयीची जागा मिळाली पाहिजे.

प्राणी-पक्षी दिसतात का?

सकाळी लवकर आलात तर हो. पाण्याजवळ खंड्या, ढोकरी, पानकावळे. झुडपात लाल गालाचा, डोक्यावर तुरा असलेला बुलबुल, जो इथे चिमणीइतका सर्रास आहे. झाडीत अंजन, हिरडा, जांभूळ, गेळा. अंजनाला उन्हाळ्यात जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके फांदीलाच चिकटून येतात, ते ओळखायला सोपं.

गवे पाण्याच्या आसपास येतात. दिसायला शांत म्हशीसारखे असले तरी हजार किलोच्या घरातलं जनावर आहे. गाडीतून उतरू नका, हॉर्न देऊ नका, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा, तो आपणहून जातो. माकडांना खायला घालू नका. त्यांना एकदा पिशवीची सवय लागली की पुढच्या पाहुण्याच्या हातातली पिशवी जाते.

लेकच्या काठावर एवढी बांधकामं कशी?

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्र सरकारने जाहीर केलेला आहे. बांधकाम, वृक्षतोड, डोंगर कापणं या सगळ्यांवर निर्बंध आहेत. अंमलबजावणीचं चित्र प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. पाहुणे म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट नक्की आहे: मुक्कामाची जागा निवडताना सांडपाणी कुठे जातं ते विचारा. विचारणारे वाढले की उत्तर द्यावं लागतं.

कधी यावं म्हणजे गर्दी कमी?

मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहाच्या आत. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत दुपारनंतर लेकजवळचा रस्ता ठप्प होतो. दोन किलोमीटरला तास लागू शकतो. अशा दिवशी गाडी मुक्कामाच्या जागी ठेवून लेकवर टॅक्सीने या किंवा सरळ चालत या. गारव्यात ती चाल सुखाची आहे. ऋतू म्हणाल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर: लेक काठोकाठ, डोंगर हिरवे, झरे जिवंत, हवा स्वच्छ.

आजी-आजोबांना आणता येईल का?

काठापर्यंत गाडी येते, बसायला जागा आहे, चढ-उतार फारसा नाही. बोटीत चढताना मात्र जेट्टी आणि बोट यांच्यातलं अंतर हलतं. गुडघ्याचा त्रास असेल तर काठावर बसणंच बरं. संध्याकाळी साडेपाचनंतर एकदम गारवा येतो, मे महिन्यातसुद्धा. कानटोपी आणि शाल बरोबर असू द्या.

एसटीने येता येतं का?

येतं आणि यावंच. पुणे, सातारा आणि वाईहून महाबळेश्वरला गाड्या आहेत. पाचगणीमार्गे येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला आधी सांगून ठेवलंत तर लेकजवळ उतरवतात. रेल्वेने यायचं तर साताऱ्याला उतरा.

वेण्णेच्या काठाकाठाने साताऱ्याला परत जाता येईल का?

येईल, आणि आलेल्या वाटेनेच पसरणी घाट उतरण्यापेक्षा ही वाट मला जास्त आवडते. लेकमधून निघालेलं पाणी आधी लिंगमळ्याला कड्यावरून कोसळतं. पावसाळ्यात आणि नंतर डिसेंबरपर्यंत ते पाहण्यासारखं असतं, मे महिन्यात तिथे नुसता ओला कातळ उरतो. मग केळघर घाट उतरून मेढा गाठा. हे जावळी खोरं. रस्त्याच्या कडेने भातखाचरं आणि मधूनमधून डाव्या-उजव्या हाताला वेण्णा. पुढे कण्हेर धरणाचा मोठा जलाशय लागतो, तोही याच नदीवरचा. तिथून सातारा जवळच. शहराच्या पूर्वेला संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. तिथली दगडी मंदिरं, घाट आणि महाराणी येसूबाईंची समाधी पाहायला तासभर ठेवा. साताऱ्याचं रेल्वे स्टेशनही त्याच बाजूला असल्याने गाडी पकडायची असेल तर सोयीचं पडतं.

केळघर घाटात पावसाळ्यात दरडी येतात आणि धुक्यात वळणं दिसत नाहीत. निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारा आणि अंधार पडायच्या आत मेढ्याला पोचा.